बगदाद

इराकची राजधानी व मध्ययुगीन इस्लामी जगातील एक अग्रगण्य नगर. ते टायग्रिस नदीच्या दोन्ही तीरांवर वसले असून येथे युफ्रेटीस नदी टायग्रिसपासून अवघ्या सु. ४० किमी. अंतरावर येते. बगदादच्या अवनतीचा प्रारंभ सामान्यतः १२५८ च्या मंगोल स्वारीपासून मानला जातो. तथापि तिची कारणे त्यापूर्वी तीन शतके, शहराभोवतालच्या कालव्यांच्या दुरवस्थेत शोधावी लागतात.

अब्बासी घराण्यातील दुसरा खलीफा अल्-मन्सूर (कार. ७५४–७५) याने ७६२ मध्ये टायग्रिसच्या पश्चिम तीरावर या नगराची स्थापना केली. मुहूर्त ठरविण्यासाठी नौबख्त व माशाअल्लाह या ज्योतिष्यांचा सल्ला घेण्यात आला होता. ‘मदिनत अस्-सलाम’ (शांतिनगर) हे त्याचे अधिकृत नाव नाण्यांवर आढळते. लोकांच्या तोंडी मात्र तेथील पूर्वीच्या वस्तीचे बगदाद हेच नाव राहिले. नगराची आखणी वर्तुळाकार होती. तटाला बसरा, कूफा, खोरासान व दमास्कस यांच्या दिशांना चार वेशी होत्या आणि मध्यभागी हिरव्या घुमटाचा राजवाडा व मशीद होती. पुढे सुरक्षिततेसाठी बाजार तटाबाहेर दक्षिणेकडील कर्ख या उपनगरात हलविण्यात आले आणि पूर्व तीरावर रुसाफा हा भाग उदयास आला. बांधकाम मुख्यतः कच्च्या विटांचे असल्याने या वर्तुळाकार नगराचा कोणताही अवशेष आज जमिनीवर उरलेला नाही. त्याची माहिती याकूबी, अल्-खतीब अल्-बगदादी इ. लेखकांच्या वर्णनांवरूनच मिळते.

मन्सूरने ही जागा निवडली, ती पाण्यासाठी. युफ्रेटीसमधून निघणाऱ्या ‘नहर ईसा’ या कालव्याने सिरियाकडील माल नावांतून थेट कर्खच्या धक्क्यांपर्यंत येई, तर टायग्रिसमार्गे बसरा बंदराशी व त्यायोगे भारत-चीनच्या सागरी व्यापाराशी संबंध जुळे. पूर्वेकडील दोनशे किमी.हून अधिक लांबीच्या, सॅसॅनियन काळापासूनच्या नहरवान कालव्यावर विस्तीर्ण प्रदेशातील शेती अवलंबून होती. या शेतीच्या साऱ्यावरच खलीफांचे सैन्य, दरबार व विद्वान पोसले जात.

भारतीय ज्ञान अरबांकडे गेले, ते मुख्यतः याच नगरातून. मन्सूरच्या दरबारात सिंधकडून आलेल्या एका शिष्टमंडळाबरोबर संस्कृत ज्योतिषग्रंथ पोहोचला व त्याचा ‘सिंदहिंद’ या नावाने अरबी अवतार झाला. अल्-मामूनच्या काळात (कार. ८१३–३३) अल्-ख्वारिज्मी याने भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला. हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती वैद्याने गेलेनचे ग्रंथ सिरियाक व अरबी भाषांत आणले. आठव्या शतकाच्या अखेरीस येथे कागदनिर्मिती सुरू झाल्याने ग्रंथ स्वस्त झाले आणि लेखनिकांचा व पुस्तकविक्रेत्यांचा स्वतंत्र बाजार भरू लागला. ‘बैत अल्-हिक्मा’ या ग्रंथसंस्थेला मात्र नंतरच्या लेखकांनी वाजवीपेक्षा अधिक श्रेय दिले आहे. बहुतेक भाषांतरे धनिक आश्रयदात्यांच्या पैशातून झाली.

८३६ ते ८९२ या काळात राजधानी सामर्रा येथे होती. त्यानंतर खलीफा परतले, पण सत्ता सेनापतींच्या हाती गेली होती. ९३७ मध्ये प्रतिस्पर्धी सेनापतीची वाट अडविण्यासाठी इब्न राइक याने नहरवान कालवा फोडला. एका चढाईपुरत्या केलेल्या या कृत्याने पूर्वेकडील सुपीक प्रदेशाची दीर्घकाळ हानी झाली. ९४१ मध्ये वादळी पावसात मन्सूरचा हिरवा घुमट कोसळला व ९४५ मध्ये बुवैही घराण्याने शहर घेतले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात भूगोलवेत्ता मुकद्दसी याला बगदादचे पूर्वीचे वैभव ईजिप्तमधील फुस्तातकडे गेल्याचे दिसले. तथापि विद्येची परंपरा खंडित झाली नाही. सेल्जुक वजीर निजामुल्मुल्क याने स्थापिलेल्या निजामिया विद्यालयात (१०६७) गझाली अध्यापन करीत असे, मुस्तन्सिर या खलीफाने (कार. १२२६–४२) बांधविलेल्या मुस्तन्सिरिया विद्यालयाची वास्तू अद्याप टिकून आहे.

१२५६ मध्ये महापूर आला. दोन वर्षांनी हूलागूच्या मंगोलांनी बांध फोडून खलीफाच्या सैन्याची पिछाडी पाण्याखाली आणली. फेब्रुवारी १२५८ मध्ये शहर पडले व खलीफा अल्-मुस्तासिम मारला गेला. हूलागूने फ्रान्सच्या राजास धाडलेल्या पत्रात मृतांची संख्या दोन लाखांवर दिली आहे; इतर आकडे त्याहून मोठे आहेत. ग्रंथांच्या शाईने नदी काळी झाल्याची कथा उत्तरकालीन असून काही ग्रंथ नासिरुद्दीन तूसी याने मरागा येथील वेधशाळेत नेल्याची नोंद आहे. १४०१ मध्ये तैमूरने पुन्हा कत्तल केली. १५३४ मध्ये ऑटोमन सुलतान सुलेमान याने बगदाद जिंकले. १६२३ ते १६३८ या काळात ते इराणकडे होते.

१८३१ च्या प्लेग व महापुराने शहर जवळजवळ ओस पडले. दाऊद पाशाच्या जाचामुळे तत्पूर्वीच बाहेर पडलेला ज्यू व्यापारी डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईस स्थायिक झाला; पुण्याचे ससून रुग्णालय व तेथील ‘लाल देऊळ’ हे सिनॅगॉग त्याच्या देणग्यांशी निगडित आहेत. मार्च १९१७ मध्ये ब्रिटिशांनी, बहुतांशी हिंदी पलटणींच्या बळावर, बगदाद घेतले. १९२१ पासून ते इराकच्या राज्याची राजधानी झाले. जून १९४१ मधील दंगलीनंतर आणि विशेषतः १९५०–५१ मध्ये येथील ज्यूंचा प्राचीन समाज जवळजवळ पूर्णतः देशांतरित झाला.

१९५४ च्या पुराने शहर धोक्यात आल्यानंतर १९५६ मध्ये सामर्रा येथील बंधाऱ्याद्वारे टायग्रिसचे जादा पाणी थर्थार खोऱ्यात वळविण्यात आले व पुराची भीती बरीच ओसरली. २००३ च्या अमेरिकी आक्रमणात राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले व राष्ट्रीय ग्रंथालय जळाले. त्यानंतरच्या यादवीत शिया व सुन्नी यांच्या मिश्र वस्त्या मोठ्या प्रमाणात विभक्त झाल्या. पुस्तकविक्रेत्यांचा मुतनब्बी रस्ता मार्च २००७ च्या बाँबस्फोटात उद्ध्वस्त झाला, पण पुढील वर्षी पुन्हा उघडला. २०१९ पासून तुर्कस्तानातील इलिसू धरणात पाणी अडविले जात असून बगदादपुढील प्रश्न आता पुराचा नसून टंचाईचा आहे.