नियम, रूढी आणि विनू मंकड

नियम पुस्तकात लिहिलेला असतो. त्याचा अंमल मात्र लोकमतावर अवलंबून राहतो. क्रिकेटमधील एका कलमाचा इतिहास हेच सांगतो.

१३ डिसेंबर १९४७. सिडनी येथे कसोटी सामना चालू होता. भारताचे डावखुरे गोलंदाज विनू मंकड चेंडू टाकण्यास धावले. त्यांच्या बाजूचा फलंदाज बिल ब्राऊन धाव घेण्याच्या घाईने रेषा सोडून पुढे सरकला होता. मंकडांनी चेंडू न टाकता यष्टीवरील बेल उडवली. ब्राऊन धावबाद झाला. त्याच दौऱ्यातील एका आधीच्या सामन्यात मंकडांनी त्याला प्रथम ताकीद दिली होती आणि मग असेच बाद केले होते.

मंकडांवर अखिलाडूपणाचा आरोप झाला. प्रतिपक्षाचे कर्णधार ब्रॅडमन यांनी मात्र त्यांचा पक्ष घेतला. हक्क नसलेली आघाडी फलंदाजाने घ्यावी आणि दोष गोलंदाजाला द्यावा, हे त्यांना पटले नाही.

तरीही या कृतीला ‘मंकडिंग’ हे नाव चिकटले. नियमाने परवानगी असूनही गोलंदाज कचरू लागले. १९८७ च्या विश्वचषकात लाहोरला वेस्ट इंडीजच्या वॉल्शने शेवटच्या षटकात सलीम जाफरला नुसती ताकीद दिली. सामना हातचा गेला. पण वॉल्शची वाहवा झाली.

पुढे हे कलम ‘अनुचित खेळ’ या सदरातून काढून ‘धावबाद’ या सदरात घालण्यात आले. १ ऑक्टोबर २०२२ पासून तो बदल अमलात आला. बाद करण्याची रीत तीच राहिली. चोरी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर मात्र नियमपुस्तकाने पंचाहत्तर वर्षांनी स्पष्ट केले.