कुठला कागद कुठल्या रुमालातला

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला. पुढे असे बावीस खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा संग्रह जपण्यासाठी राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या कागदांशी काम करणाऱ्याला एक भीती कायम असते. कागद आपल्या रुमालातून सुटला की मजकूर उरतो, पण तो कुणाच्या दप्तरातला, हे हरवते. मग पुरावा म्हणून त्याचे वजन घटते.

संगणकाच्या इतिहासातही हीच अडचण आली. लिनक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत पुष्कळ प्रोग्रॅम टारच्या गठ्ठ्यातून यायचे. गठ्ठा सोडला की चालवायची फाइल एका डिरेक्टरीत, लायब्ररी दुसरीत, माहितीची पाने तिसरीत जात. पुढे तो प्रोग्रॅम काढायचा झाला, तर कुठली फाइल त्याची आणि कुठली दुसऱ्याची, हे सांगणार कोण?

इअन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली आणि १९९४ मध्ये डीपीकेजी लिहायला घेतले. हे साधन प्रत्येक पॅकेजमागे त्याने ठेवलेल्या फाइलींची यादी साध्या मजकुरात जपते. आज्ञेला मोठा एल आणि पॅकेजचे नाव जोडले, की त्याने काय काय आणले ते दिसते. मोठा एस आणि फाइलीचा पत्ता दिला, की ती कुणी आणली ते कळते. १९९५ साली रेड हॅटच्या आरपीएमनेही हीच सोय क्यूएल आणि क्यूएफ या अक्षरांनी दिली. पॅकेज सुखरूप काढता येते ते या यादीच्या जोरावर.

पण यादीवर किती विसंबायचे, हेही ठाऊक हवे. बसवताना चाललेल्या स्क्रिप्टने मागाहून तयार केलेल्या फाइली तिच्यात सहसा नसतात. उलट, कुणी हाताने पुसलेली फाइल तिच्यात तशीच दिसत राहते. यादी आवक सांगते, आजची शिल्लक नव्हे. दप्तराच्या यादीचेही तसेच असते. म्हणून यादी हातात धरून रुमाल पुन्हा पुन्हा सोडून पाहावा लागतो. जे काम दप्तरखान्यात माणूस करतो, तेच डीपीकेजीच्या पडताळणीच्या आज्ञेवर सोपवता येते. मात्र ती आज्ञा द्यायची आठवण माणसालाच ठेवावी लागते.