सेनापती आणि ब्रिगेडियर

मंडळी, फेब्रुवारी 1818 मध्ये साताऱ्याचा किल्ला ब्रिगेडियर-जनरल लायोनेल स्मिथच्या फौजेनं घेतला. त्याच महिन्याच्या 20 तारखेला आष्टीला बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या छावणीत आले.

आता हा ‘ब्रिगेडियर-जनरल’ म्हणजे काय? तो कायमचा हुद्दा नव्हता हो! काही पलटणींची ब्रिगेड हाती सोपवायची, काम संपलं की बिरुद परत. पुढे ‘जनरल’ गळालं, 1928 पासून नुसता ब्रिगेडियर उरला. आपल्या लष्करात तो आजही आहे.

याच साताऱ्याहून शाहू महाराजांनी खंडेराव दाभाड्यांना सेनापतिपद दिलं. मुलगा त्र्यंबकराव 1731 मध्ये डभोईला पडला. मग पद गेलं धाकट्या यशवंतरावाकडे. कारभार पाहिला तो आई उमाबाईंनी.

इंग्रज फार शहाणे होते असं नव्हे. त्यांच्या पायदळात-घोडदळात लेफ्टनंट-कर्नलपर्यंतचे हुद्दे 1871 पर्यंत विकत मिळत. त्यावर मात्र पैसा चालत नसे.

सातारा-सांगलीच्या तरुणांनो, आपल्या कारखान्यांतल्या, संस्थांतल्या खुर्च्यांकडे बघताना एवढंच विचारा: पद कामाचं, की घराण्याचं?