पाया खणण्याआधी

अमरावतीत आमचं जुनं घर पाडून नवं बांधायला घेतलं. पहिल्याच दिवशी जेसीबीने खालून घडीव दगड आणि चुन्याची ढेकळं उपसली. मी मोबाइल काढला तसा चालक म्हणाला, "काय फोटो काढून राह्यले भाऊ? दगडं हायेत ते." संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर भरून दगड गेलेसुद्धा.

काम मी थांबवलं नाही. एकीकडे घरभाडं, दुसरीकडे कर्जाचे हप्ते. पण ते दगड डोक्यातून जाईनात.

१८०७मध्ये निजामाच्या राजवटीत, पेंढाऱ्यांपासून पेठ वाचवायला अमरावतीभोवती परकोट उभा राहू लागला. लांबी सव्वादोन मैल, उंची २० ते २६ फूट. अंबा गेट, जवाहर गेट आपण रोज ओलांडतो. मधली भिंत सलग उरलेली नाही. अकोल्यात असदगडाचे मोजके अवशेष मोर्णेकाठी आहेत, बाकीचा तट अगरवेस, दहीहांडा वेस अशा नावांत राहिलाय.

केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. जी वास्तू यादीतच नाही, तिला हे कवच नाही. १८७८चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. पण जोत्याच्या दगडाला दहा रुपयांचा तरी कोण मानतो?

आधी खणून पाहिलं तर काय हाती लागतं, हे वऱ्हाडानेच दाखवलंय. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेकाठच्या भोन गावी डेक्कन कॉलेजच्या भास्कर देवतारे यांनी उत्खनन केलं, तेव्हा विटांचा प्राचीन स्तूप आणि भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी सापडल्या. ही जागा जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. उत्खनन झालं नसतं, तर काय बुडतंय हेही कळलं नसतं.

लंडनमध्ये १९८९ला इमारतीच्या पायाखाली शेक्सपियरच्या काळातलं रोज नाट्यगृह निघालं. त्यावर मोठा गदारोळ झाला. १९९०मध्ये इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शिकेने ठरवलं, की परवानगीचा निर्णय होतानाच जमिनीखालच्या अवशेषांचा विचार व्हावा.

आपल्याकडे बांधकामाच्या परवानगीआधी नकाशा पाहतात, जुना नकाशा नाही. जुन्या गावठाणात दोन दिवस आधी चर खणून, मोजून, फोटो काढून ठेवायला काय हरकत आहे? घर अडणार नाही.

माझ्याकडे सात फोटो आहेत. शेजारी मोजपट्टी ठेवायचं मात्र सुचलं नाही. तुमच्या घराचा पाया खणाल तेव्हा तेवढी ठेवा.