डिझेल इंजिन, विहीर आणि मिस्त्रीची विद्या

१/ अमरावतीहून परतवाड्याच्या वाटेवर, पेढी नदीकाठी वलगाव लागते. डिसेंबर १९५६ मध्ये गाडगेबाबांनी येथेच देह ठेवला, म्हणून हे नाव आपणांस ठाऊक असते. आजचा विषय मात्र अशाच वऱ्हाडी शिवारांतील विहिरीवरचे डिझेल इंजिन, आणि ते स्वतः उघडून दुरुस्त करणारी माणसे. #धागा

२/ आपल्याकडे या यंत्राचा इतिहास कारखानदारांपासून सुरू होतो. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनवली. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते; मुख्यमंत्र्यास तेव्हा तसे म्हणत.) पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. हे सारे खरेच. पण कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यावर इंजिनाचे काय झाले, हे त्यात येत नाही.

३/ शेतात हे यंत्र टिकले ते त्याच्या साधेपणामुळे. याला ठिणगीचा प्लग नाही, बॅटरीही लागत नाही. किर्लोस्करच्या ‘एव्ही-१’ या ५ अश्वशक्तीच्या, ५५३ घनसेंटीमीटरच्या इंजिनात हवा सुमारे साडेसोळा पट दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. झडप उघडी धरणारा खटका उचलायचा, हँडल मारून फ्लायव्हीलला वेग द्यायचा, खटका सोडायचा. बस्स.

४/ बंद पडण्याची कारणेही बहुधा उघड असत. टाकी रिकामी होऊन नळीत ‘एअर धरली’, तर पंपाचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू द्यायचे. काळा धूर दिसला की बोजा जास्त किंवा हवेची गाळणी तुंबलेली. निळा म्हणजे ऑइल जळते आहे, बहुधा रिंगा झिजल्या. पांढरा म्हणजे डिझेल नीट पेटत नाही किंवा पाणी शिरले. अक्षर न वाचणारा शेतकरीही हा धूर वाचू शके.

५/ खरी कसरत विहिरीत होती. पंप खालून पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या आधारे. सिद्धांतात ही मर्यादा सुमारे १० मीटर. व्यवहारात ७ मीटरही पुष्कळ. वऱ्हाडात उन्हाळ्यात पाणी त्याहून खाली गेले की काय करायचे? पंप विहिरीत खाली, कट्ट्यावर बसवायचा. इंजिन वर ठेवले तर लांब पट्टा जोडायचा. नाहीतर इंजिनच खाली उतरवायचे. तेथे धूर साचून माणूस गुदमरण्याचा धोका असे, म्हणून धुराची नळी थेट काठाबाहेर काढणे ही सोय नव्हे, जिवाचा प्रश्न होता. मला हा या इतिहासाचा सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो.

६/ पट्ट्यावरच पुढचे सारे बदल उभे राहिले. इंजिनाचे फेरे मिनिटाला १५००, आणि चक्कीला हवे त्याच्या तिसरा हिस्सा? मग चक्कीची पुली इंजिनाच्या पुलीपेक्षा तिप्पट व्यासाची. एवढ्या गणितावर तेच इंजिन सकाळी ओलित करी, दुपारी पीठ दळी.

७/ आणि इंधन? १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले होते. सरकीच्या मुलखात असा मोह पडणे स्वाभाविक. पण कच्चे सरकी तेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट. नोजलवर काजळी बसते, रिंगा चिकटतात. इंजिन सुरू होते, फार काळ टिकत नाही. तेल तापवून दाटपणा कमी करता येतो. पण गार असताना डिझेलवर सुरू करणे आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा डिझेलवर आणणे आवश्यक असते.

८/ विजेच्या मोटारींनी हे इंजिन मागे सारले. भारनियमनाच्या वर्षांत ते पुन्हा गोठ्यातून बाहेर निघाले. आता सौरपंप आले आहेत. कूपर-किर्लोस्करांची चरित्रे उपलब्ध आहेत. कोणत्या गावी कोणती पुली कोणी खरादून दिली, याची नोंद ठेवणारे दप्तर कुठलेही नाही. ती माहिती आज सत्तरी ओलांडलेल्या मिस्त्र्यांच्या तोंडी आहे.

९/ तुमच्या शेतात जुने इंजिन गंजत असेल तर भंगारात देण्यापूर्वी त्याच्या पाटीचे छायाचित्र घ्या: कंपनी, अश्वशक्ती, फेरे, क्रमांक. आणि ते उघडणाऱ्या मिस्त्रीकाकांना विचारा, मूळ भाग कोणते, बदललेले कोणते, आणि ते कुठून आणले. उत्तरे याच धाग्याखाली लिहा.