जपानी अक्षरें गिरवावीं कीं ओळखावीं?

जपानी भाषेची जी परीक्षा सन १९८४ पासून देशोदेशीं घेतली जाते, तींत परीक्षार्थ्याला एकहि अक्षर लिहून दाखवावें लागत नाहीं. दिलेल्या पर्यायांतून योग्य तो निवडून खूण केली कीं काम भागतें. पुण्यासारख्या शहरांत कॉलेज किंवा नोकरी सांभाळून ही भाषा शिकणारे जे विद्यार्थी या परीक्षेला बसतात, त्यांच्यापाशीं वेळ बेताचाच असतो. दोन हजारांवर चिन्हें वहींत गिरवीत बसणें हा त्यांना काळाचा अपव्यय वाटला, तर त्यांत नवल नाहीं. जें लिहावयाचेंच नाहीं तें गिरवावयाचें कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. सवाल रास्त आहे. पण नवा नाहीं. खुद्द जपानांत तो दीडशें वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे, आणि त्या राष्ट्रानें वेळोवेळीं त्याला जीं उत्तरें दिलीं, तीं परदेशी विद्यार्थ्यालाहि उपयोगीं पडण्याजोगीं आहेत.

कान्जी म्हणजे चिनी अक्षरें. चीनची ही लिपि कोरियाच्या मार्गानें जपानांत पोंचली आणि इसवी सनाच्या पांचव्या-सहाव्या शतकांत तेथें रुळूं लागली. जपानी भाषेची घडण चिनी भाषेहून अगदीं निराळी. म्हणून या परक्या चिन्हांतूनच जपान्यांनीं उच्चार दाखविणाऱ्या दोन सुटसुटीत लिप्या तयार केल्या. अक्षरें झरझर लिहितां लिहितां जीं वळणदार रूपें झालीं, त्यांतून हिरागाना निघाली. बौद्ध भिक्षूंनीं पोथीच्या ओळींजवळ टिपणें करतांना अक्षरांचे जे तुकडे वापरले, त्यांतून काताकाना. या लिप्यांचा आ, इ, उ, ए, ओ आणि पुढें का, सा, ता, ना असा जो क्रम आहे, तो संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासांतून आलेला आहे. त्यामुळें मराठी विद्यार्थ्याला त्या चटकन् आपल्याशा वाटतात. परंतु ही जवळीक तेथेंच संपते. एका कानालिपींत मूळ अक्षरें पन्नासाच्या आंतच. कान्जीच्या सरकारी यादींत मात्र २०१० पासून २,१३६ अक्षरें आहेत. प्रत्येकाची घडण वेगळी, अर्थ वेगळा आणि उच्चारहि बहुधा एकाहून अधिक.

हा पसारा पूर्वीं हाताच्याच जोरावर आटोक्यांत आणला जाई. तोकुगावा राजवटींत, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळांत, सामान्य लोकांचीं मुलें 'तेराकोया' नांवाच्या खासगी शाळांत जात. तेथील शिक्षणाला 'तेनाराई' म्हणत. या शब्दाचा अर्थच हातानें शिकणें असा आहे. पंतोजींनीं घालून दिलेला कित्ता मूल कुंचल्यानें गिरवी. कागद जपून वापरावा लागे, म्हणून एकाच कागदावर तो काळाकुट्ट होईपर्यंत लिहावयाचें, वाळवावयाचें आणि पुन्हां लिहावयाचें असा क्रम असे. समोर बसलेल्या मुलाला अक्षर सुलट दिसावें यासाठीं पंतोजी तें आपल्या बाजूनें उलटें लिहून दाखवीत. कित्ते बरेचदां पत्रांच्या स्वरूपाचे असत, आणि त्यांतूनच गांवांचीं नांवें, व्यापारांतील शब्द व रीतभात मुलांच्या कानांवरून जाई. वाचणें आणि लिहिणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विचारच त्या शाळेंत नव्हता.

या व्यवस्थेवर पहिला मोठा आघात १८६६ सालीं झाला. पुढें जपानी टपालखात्याचे जनक म्हणून प्रसिद्धीस आलेले माएजिमा हिसोका यांनीं शोगुनकडे अर्ज करून कान्जी अजिबात बंद करावी असें सुचविलें. मुलांचीं उमेदीचीं वर्षें आकृति घोटण्यांत जातात आणि खरें ज्ञान मिळविण्यास वेळ उरत नाहीं, ही त्यांची तक्रार. १८७३ सालीं फुकुझावा युकिची यांनीं मधला मार्ग दाखविला: कठीण अक्षरें टाळावीं, दोन-तीन हजारांत काम भागतें. १९०० सालीं सरकारनें प्राथमिक शाळेंत शिकवावयाचीं अक्षरें सुमारें १,२०० वर आणलीं.

महायुद्धांतील पराभवानंतर वाद निकरावर आला. मार्च १९४६ मध्यें आलेल्या अमेरिकन शिक्षण-मंडळानें जपानी भाषा रोमन लिपींत लिहावी अशी शिफारस केली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत जपान सरकारनें रोजच्या व्यवहारासाठीं १,८५० अक्षरांची यादी प्रसिद्ध केली. १९४८ सालीं देशभर सुमारें १७,००० माणसांची साक्षरता तपासण्यांत आली, तेव्हां अजिबात निरक्षर असे लोक शेंकडा दोनच्या आसपासच निघाले. आणि रोमन लिपीचा आग्रह मागें पडला. पण त्याच साली झालेला दुसरा निर्णय प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा आहे. १,८५० पैकीं ८८१ अक्षरें वेगळीं काढण्यांत आलीं, आणि सक्तीच्या शिक्षणाच्या काळांत तीं मुलांना वाचतांहि आलीं पाहिजेत व लिहितांहि आलीं पाहिजेत असें ठरलें. बाकीच्या अक्षरांवर ही दुहेरी सक्ति नव्हती. ओळख आणि लेखन यांच्या मर्यादा निरनिराळ्या असूं शकतात, हें तत्त्व येथें प्रथमच इतक्या स्पष्टपणें मांडलें गेलें.

पुढें यंत्र आलें. १९७८ सालीं तोशिबा कंपनीनें कानालिपींत दिलेला मजकूर कान्जींत बदलून देणारें जपानी लेखनयंत्र जाहीर केलें. त्याची किंमत होती ६३ लाख येन! कालांतरानें तेंच काम खिशांतल्या टेलिफोनवर होऊं लागलें. २०१० सालीं यादी वाढवितांना तज्ज्ञ-मंडळानें उघड सांगितलें कीं, सर्वच अक्षरें हातानें लिहितां येण्याची गरज नाहीं. त्यामुळेंच 'विषण्णता' या अर्थाचें तब्बल २९ रेघांचें अक्षर यादींत येऊं शकलें. परंतु हातानें लिहिण्याचें महत्त्वहि त्याच मंडळानें आवर्जून नमूद केलें. तसें करण्याला कारण होतें. यंत्रावर लिहिण्यामुळें कान्जी हातानें बिनचूक लिहिण्याची शक्ति कमी झाली, असें म्हणणारे लोक एका सरकारी पाहणींत शेंकडा ४१ होते. दहा वर्षांनंतरच्या, २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत ते शेंकडा ६६ च्या वर गेले.

तरीहि हे लोक वर्तमानपत्र वाचतात, मग बिघडलें काय, असें कोणी विचारील. येथेंच खरी मेख आहे. या लोकांनीं लहानपणीं तींच अक्षरें गिरवलेलीं आहेत. त्यांचा हात विसरला, तरी डोळा त्या हातापासून शिकून बसलेला आहे. परदेशी विद्यार्थ्याचा डोळा मात्र कोरा असतो. जपानी माणसाला अक्षर आठवेनासें झालें, कीं तो नकळत हवेंत किंवा तळहातावर बोटानें रेघा ओढूं लागतो. सासाकी मासातो आणि वातानाबे आकिरा या संशोधकांनीं १९८३ च्या सुमारास या संवयीचा अभ्यास केला, तेव्हां ती नुसती लकब नसून अक्षराचे भाग मनांत जुळवितांना तिचा प्रत्यक्ष उपयोग होतो, असें दिसून आलें.

एक उदाहरण घ्यावें. 'झाड' हें अक्षर चार रेघांचें: एक आडवी, एक उभी, दोन तिरप्या. दोन झाडें शेजारीं काढलीं कीं राई, तीन काढलीं कीं अरण्य. याच झाडावर वरच्या अंगाला आणखी एक आडवी रेघ दिली आणि ती खालच्या आडव्या रेघेहून लांब ठेवली, तर अर्थ होतो 'शेवट'. आंखूड ठेवली, तर 'अद्याप नाहीं'. ज्यानें हीं दोन अक्षरें पांच-दहा वेळां लिहिलीं आहेत, त्याला हा भेद पाहतांक्षणीं कळतो. ज्यानें तीं नुसतीं पाहिलीं आहेत, तो परीक्षेंत नेमका येथेंच अडखळतो.

मात्र याचा अर्थ तेराकोयांतील काळा कागद पुन्हां हातीं घ्यावा असा नव्हे. जेम्स हाइझिग यांनीं १९७७ सालच्या आपल्या पुस्तकांत नुसत्या घोटण्याला विरोध केला आणि अक्षराचे भाग कल्पनेनें जोडावयास शिकविलें. परंतु अक्षर आलें कीं नाहीं, याची त्यांची कसोटीहि अर्थावरून तें लिहून दाखविणें हीच होती.

म्हणून १९४८ सालची वाटणीच आजच्या विद्यार्थ्याला अधिक मानवेल. जपानी मूल पहिल्या इयत्तेंत ८० अक्षरांपासून आरंभ करतें; परदेशी विद्यार्थ्यानेंहि आरंभीचीं तीन-चारशें अक्षरें रेघांचा क्रम सांभाळून, पुस्तक मिटून, आठवून लिहावीं. पुढचीं बहुतेक अक्षरें याच ओळखीच्या भागांचीं बनलेलीं असतात. तीं वाचनानें आपोआप परिचयाचीं होतील, आणि अडेल तेथें बोट हवेंत फिरूं लागेल. या अभ्यासाला जे तास लागतील, ते परीक्षेच्या गुणपत्रिकेंत वेगळे दिसणार नाहींत. पण पान उघडल्यावर सारखीं भासणारीं दोन अक्षरें वेगळीं दिसूं लागतील, तीं त्याच तासांमुळें.