वर्ध्याची रात्रगाडी : तिसऱ्या वर्गाच्या झोपेची हकिकत

मुंबईहून रात्रीच्या गाडीनं वर्ध्याला येणाऱ्या माणसाला घड्याळाची गरज नसते. धामणगाव मागे पडलं की थोड्या वेळानं चाकांचा आवाज बदलतो, खाली पोकळी आल्यासारखा घुमायला लागतो. ती वर्धा नदी. पूल संपला की पुलगाव, आणि अमरावती जिल्हा मागे टाकून आपण आपल्या जिल्ह्यात आलेलो असतो. आता चादरीची घडी करावी, बाकाखालच्या चपला पायानं चाचपाव्यात. साठ वर्षांहून अधिक काळ मी या पुलावर जागा होत आलो आहे. पहिल्यांदा झालो तो १९६२ साली, आईच्या मांडीवर.

बाबा मुंबईला गोदीत कामाला होते. आम्ही देवळीजवळच्या गावात राहायचो आणि वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, आई मला आणि धाकट्या बहिणीला घेऊन त्यांना भेटायला जायची. जाणं-येणं तिसऱ्या वर्गात, आरक्षणाशिवाय. परतीच्या प्रवासात इगतपुरीला विजेचं इंजिन सुटून कोळशाचं लागायचं आणि मग खिडकीशी बसणाऱ्याच्या डोळ्यांत कण जायचे. लाकडी फळ्यांच्या बाकावर दोन वीत जागा मिळाली तर आई बहिणीला तिथं आडवं करी, माझं डोकं मांडीवर घेई आणि स्वतः ताठ बसे. मी मधूनच जागा होऊन तिच्याकडं बघायचो. ती म्हणायची, "झोप तू. मले गाडीत झोप येत नाही." हे खरं आहे असं मी कितीतरी वर्षं मानत होतो.

रेल्वेच्या इतिहासावरची पुस्तकं चाळताना त्या वाक्याची मला पुन्हा पुन्हा आठवण होते. पूल कुणी बांधला, घाट कसा फोडला, इंजिन कुठून आणलं हे सगळं या पुस्तकांत सापडतं. रात्रभराच्या प्रवासात साधा माणूस आडवा केव्हापासून होऊ लागला, याची नोंद मात्र चार-दोन ओळींपलीकडे जात नाही. हा लेख त्या ओळी जुळवण्याचा प्रयत्न आहे. तो वर्ध्यातून लिहिण्याला कारणही आहे. या प्रश्नावरची सर्वांत गाजलेली तक्रार ज्यानं लिहिली, तो तक्रारदार पुढं आमच्याच जिल्ह्यात राहायला आला.

आधी वर्ध्याविषयी. हे शहर रेल्वेच्याच काळातलं. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा काढलेल्या या जिल्ह्याचं मुख्य ठाणं सुरुवातीला पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ साली ते पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आणलं आणि तिथं नवं शहर आखून त्याला नदीचं नाव दिलं. दुसऱ्या वर्षी, १८६७ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. म्हणजे इथं गाव वसलं आणि रूळ आले ते एकाच हाताच्या अंतरानं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं मँचेस्टरच्या गिरण्यांना कापसाची चणचण भासली होती आणि हिंगणघाटी कापसाचं नाव त्या बाजारात चांगलं होतं. हा लोहमार्ग इकडं आणण्याच्या घाईत कापसाचा वाटा मोठा होता. आमच्याकडचे म्हातारे म्हणत, गाठी आडव्या जातात आणि माणसं उभी. थट्टेनं म्हणत, पण त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

वरच्या वर्गाचं तसं नव्हतं. पहिल्या वर्गातल्या साहेबाला रात्री पसरायला रुंद बाक मिळे. त्याचा नोकर वळकटी सोडून गादी अंथरून देई. तिसऱ्या वर्गाच्या डब्यावर मात्र 'इतके प्रवासी बसतील' असा आकडा रंगवलेला असे. झोपण्याचा त्यात हिशेबच नव्हता.

हा हिशेब पहिल्यांदा जाहीरपणे मागितला तो गांधींनी. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांनी मुंबईहून मद्रासला मेल गाडीनं तिसऱ्या वर्गातून प्रवास केला. भाडं पडलं तेरा रुपये नऊ आणे. महिनाअखेरीस रांचीहून त्यांनी वृत्तपत्रांना दीर्घ पत्र लिहिलं, तेच पुढं 'थर्ड क्लास इन इंडियन रेल्वेज' या नावानं प्रसिद्ध आहे. दक्षिण आफ्रिकेतून परतल्याला तेव्हा अडीच वर्षं झाली होती आणि त्यातला पावहून अधिक काळ आपण स्वेच्छेनं तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत घालवला, असं ते सांगतात. हे पत्र आज बहुतेकांना आठवतं ते त्यातल्या घाणीच्या वर्णनासाठी : संडास, फरशीवरचा कचरा, खाण्याच्या पदार्थांवरची धूळ. मी ते वाचतो तेव्हा माझी नजर दुसरीकडं थांबते. डबा बावीस माणसांचा होता, आणि तोही बावीस बसतील असा. सुरक्षितपणे किंवा सुखानं आडवं होता येईल असा एकही फळा त्यात नव्हता. मद्रास येईपर्यंत दोन रात्री काढायच्या होत्या. दोन-तीन हट्टी प्रवासी सोडले तर सगळ्यांनी बसूनच झोप काढली, आणि रायचूरनंतरची गर्दी तर असह्य झाली. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त आहे. मग पाचव्या हिश्शाइतकं, निदान दहाव्या हिश्शाइतकं तरी सुख तिसऱ्या वर्गाला मिळतं का, असा त्यांचा सरळ व्यापारी सवाल होता. उत्तर देणं कुणालाच सोयीचं नव्हतं.

ज्या देशातून आमची रेल्वे चालवली जाई, तिथला हिशेबही बघण्यासारखा आहे. जीआयपीचं संचालक मंडळ लंडनला बसे. त्याच लंडनहून स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला जाणाऱ्या गाडीला १८७३ मध्ये झोपण्याचा डबा जोडला गेला. ब्रिटनमधला तो पहिला. अर्थात पहिल्या वर्गाचा. तिथल्या तिसऱ्या वर्गाला झोपण्याचे डबे मिळायला १९२८ साल उजाडलं, म्हणजे गोऱ्या मजुरानंही पंचावन्न वर्षं वाट पाहिली. मिळालं काय, तर फळा, उशी आणि घोंगडी. आज लंडनहून रात्री निघून स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेत जाणाऱ्या गाडीचं कौतुक आपल्याकडचे प्रवासी लिहितात. रॅनक मूर नावाच्या ओसाड पाणथळ माळावर कॉरर हे स्टेशन आहे, जिथं सार्वजनिक रस्ता पोहोचत नाही, फक्त रेल्वे पोहोचते. वाचताना मला सेगाव आठवतं. रात्रभर गाडीत काढून सकाळी जिथं उतरायचं, तिथून पुढं रस्ताच नाही, हा अनुभव १९३६ नंतर हिंदुस्थानातल्या कितीतरी मोठ्या माणसांनी आमच्या जिल्ह्यात घेतला.

जमनालाल बजाजांच्या आग्रहानं गांधी वर्ध्याला आले आणि आधी मगनवाडीत राहिले. ३० एप्रिल १९३६ रोजी ते तिथून सुमारे आठ किलोमीटरवरच्या सेगावला गेले. झोपडीला शंभर रुपयांहून जास्त खर्च नको आणि सामान आसपासचंच हवं, ही त्यांची अट. महादेवभाई देसाई मगनवाडीत राहत आणि वैशाखाच्या उन्हातसुद्धा रोज पायी सेगावला जाऊन परतत. पावसाळ्यात आमच्या काळ्या जमिनीत छकड्याचं चाक रुतलं की बैलांनाही उपसता येत नाही. पाहुण्यांचं काय होत असेल, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

अशा आडगावातून देशाचा कारभार कसा हाकला? माझ्या मते याचं अर्धं उत्तर रुळांत आहे. १९२९ मध्ये काझीपेठ आणि बल्लारशा यांच्यामधला दुवा पुरा झाला आणि दिल्ली–मद्रास हा सरळ मार्ग वर्ध्याजवळून गेला. मुंबई–कलकत्ता मार्ग आधीपासून होताच. म्हणजे मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास, कुठूनही गाडीत बसा, एखादी-दुसरी रात्र काढा आणि वर्ध्याला उतरा. 'भारत छोडो'चा मसुदा १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीनं वर्ध्याला मंजूर केला, तेव्हा भर पावसाळ्यात पुढारी जमले ते या रात्रगाड्यांच्या भरवशावर. त्याच्या आदल्या महिन्यात अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर आश्रमात राहून गेला.

टपालाचा मात्र घोटाळा होई. याच मार्गावर, मुंबईहून येताना अकोल्याच्या अलीकडं, गजानन महाराजांचं शेगाव आहे. सेगाव आणि शेगाव. रात्री डब्यात टपाल लावणाऱ्या माणसानं तरी फरक कसा करावा? गांधींची पत्रं शेगावला जाऊ लागली, आणि १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. या नावामागं सेवेचा आदर्श होताच, पण निमित्त चुकलेल्या पत्रांचं होतं, हे आमच्या शाळेच्या पुस्तकात कधी आलं नाही. पुढं 'वर्धा पूर्व' या स्टेशनालाही सेवाग्राम हेच नाव मिळालं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण गांधींच्या तिसऱ्या वर्गाविषयी आपण भाबडेपणानं लिहीत आलो आहोत. त्यांनी तो वर्ग निवडला होता. माझ्या आईनं निवडला नव्हता. निवडणाऱ्याची पाठ आणि न निवडणाऱ्याची पाठ सारखीच दुखते, तरी दोघांची गोष्ट एक नव्हे. मात्र झोप त्यांचीही गेली, तीही गरिबांच्याच हातून. फेब्रुवारी १९२१ मध्ये गोरखपूरहून बनारसला जाताना रात्रभर दर स्टेशनावर लोक दर्शनासाठी डब्याशी आले, दारं-खिडक्यांवर थापा पडल्या, जयघोष थांबेना. महादेवभाईंनी लिहून ठेवलं आहे की अखेर गांधींनी वैतागून स्वतःचं कपाळ बडवून घेतलं. त्यांचा संयम सुटल्याचे प्रसंग मोजके आहेत. त्यातला हा एक अपुऱ्या झोपेचा आहे.

स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकात, तिसऱ्या वर्गात झोपण्याच्या फळ्या आल्या. एकावर एक तीन, बाजूला दोन, मधली साखळीला टांगलेली. फळी म्हणजे नुसती फळी. १९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द झाला, म्हणजे त्याला दुसरा म्हणू लागले. मी तेव्हा मुंबईत शिकायला होतो. वर्ग वाढल्याचं माझ्या पाठीला काही कळलं नाही. अनुभवी प्रवासी फळीवर वर्तमानपत्र, त्यावर सतरंजी, त्यावर चादर घालत. तरी कुशीवर झोपलेल्याचं कंबरेचं हाड सकाळी बोलायचंच.

ती फळी मऊ झाली ती कोकणच्या एका प्राध्यापकामुळं. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे, राजापूरचे खासदार मधु दंडवते आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते. सुटल्यावर १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. त्यांची भूमिका अशी, की वरच्या वर्गाचं सुख काढून घेण्यापेक्षा खालच्याला थोडं द्यावं. दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर त्यांनी दोन इंच फोम बसवायला लावला. सुरुवात काही गाड्यांपासून झाली, नंतरच्या वर्षांत तो सगळीकडं पोहोचला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. तिच्यात पहिला वर्गच नव्हता. ती वर्ध्यावरूनच जाते. (पुढं तिला वातानुकूलित डबे लागले, तो भाग वेगळा.) गांधींचं पत्र १९१७ चं, फोम १९७७ चा. मधली साठ वर्षं वर्ध्याच्या पुलावरून दर रात्री माणसं बसून गेली.

राजकारणाच्या इतिहासात दंडवत्यांचा उल्लेख रेल्वे संपातल्या बडतर्फ कामगारांना परत घेण्यासाठी होतो, कोकण रेल्वेच्या पाठपुराव्यासाठी होतो, आणि तो व्हावाच. पण दोन इंचांचा हा निर्णय मला या कोणत्याही निर्णयाइतका मोठा वाटतो. बहात्तर फळ्यांच्या डब्यात एका रात्री बहात्तर पाठी, आणि असे किती डबे, किती रात्री. अलीकडं कितीतरी गाड्यांतले साधे स्लीपर डबे कमी करून तिथं वातानुकूलित तीनस्तरीय डबे लावले जात आहेत. तिकीट मिळालं नाही की उरतो तो साधारण डबा, आणि दिवाळीच्या आठवड्यात दादरला तो पाहिला की मला १९६२ चा बाक आठवतो. नव्या डब्यातली चादर-उशी मलाही आवडते, माझं वय झालं आहे. पण त्या उशीचे पैसे ज्याच्याकडं नाहीत तो आता कुठं टेकतो, याचा आकडा डब्यावर रंगवलेला मला तरी दिसला नाही.

१९७९ च्या थंडीत बाबांची नोकरी संपली आणि आम्ही घर आवरून गावी परतलो. मी कमावता होतो. आईसाठी खालची जागा राखून ठेवली होती, हिरव्या रेक्झिनची, नवीकोरी. तिनं आधी तळवा टेकवून दाबून पाहिलं, मग दुसऱ्या टोकाशी दाबून पाहिलं. सारखंच होतं. कसारा घाट चढेपर्यंत बाबा आणि मी वर घोरायला लागलो होतो.

चाकांचा आवाज बदलला तेव्हा मी जागा झालो. खाली वाकून बघितलं. खिडकीच्या गजांतून उजेड येत होता. आई भिंतीला पाठ लावून, पदर घट्ट ओढून, पाय दुमडून ताठ बसली होती. चादरीची घडी मोडलेली नव्हती.

"झोपली नाहीस?"

"तू झोप," ती म्हणाली. "अजून पुलगाव आहे."